नव्वद दिवसांचा पाहुणा

पटाया किंवा चिआंग माई पाहून आलेल्या मराठी पर्यटकाच्या गप्पांत एक म्हातारा हमखास असतो. गोरा, सत्तरी ओलांडलेला, अर्धी चड्डी, उन्हानं तांबूस झालेलं टक्कल, सकाळी अकरालाच समोर बिअर. त्याचा चोरून काढलेला फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतो आणि खाली ओळ येते, ‘याला म्हणतात रिटायरमेंट!’ पुढे कधी याच जातकुळीतला एखादा म्हातारा व्हिसाबद्दल, बँकेबद्दल, सरकारी खिडक्यांबद्दल कुरकुरतो असं कानावर आलं, की त्याच ग्रुपवर निकालही लागतो. चोचले आहेत नुसते.

निकाल देणाऱ्यांचं म्हणणं मांडायचं तर पुरतं मांडावं. हे लोक स्वखुशीनं गेले. कुणी त्यांना हाकललं नव्हतं. मायदेशातल्या थंडीला आणि महागाईला कंटाळून त्यांनी स्वस्त देश निवडला. पासपोर्ट भारी, पेन्शन पाउंडात नाहीतर डॉलरात. नियम काय आहेत ते जातानाच ठाऊक होतं. वर्षाकाठी दोन-चार फॉर्म भरायचे, तेही आता मोबाइलवर. एवढंही झेपत नसेल तर चंबूगबाळं आवरून घरी जावं. आणि कळस म्हणजे, अमेरिकेच्या व्हिसासाठी महिनोन्‌महिने ताटकळणाऱ्या भारतीयांनी या गोऱ्यांची रडगाणी का ऐकावीत?

असं बोलायला काही लागत नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट भाड्यानंही मिळतो. तेव्हा जरा खाली उतरून बँकॉकच्या चेंग वत्तना भागात जाऊ.

तिथल्या भल्यामोठ्या सरकारी संकुलात, बी इमारतीत, इमिग्रेशनचं कार्यालय आहे. दारं उघडण्याआधीच माणसं जमलेली असतात. त्यातला निवृत्तीच्या परवान्यावरचा म्हातारा लांबूनही ओळखू येतो, कारण त्याच्या काखेत प्लास्टिकचं फोल्डर असतं. त्यात टीएम ७ नावाचा अर्ज, चार बाय सहा सेंटिमीटरचा फोटो, पासपोर्टच्या पानांच्या झेरॉक्स, प्रत्येक झेरॉक्सवर स्वतःची सही, घराकडे जाण्याचा नकाशा, बँकेचं पत्र आणि पासबुक. या पासबुकातच सगळी मेख आहे. खात्यात आठ लाख बाट आहेत असं बँकेनं लेटरहेडवर शिक्क्यानिशी लिहून दिलेलं असतं. तरी खिडकीपलीकडचं बोट जातं ते शेवटच्या ओळीवर. नोंद आजची आहे का? म्हणून मुरलेला म्हातारा सकाळी आधी बँकेच्या मशीनशी जातो, शंभर बाट भरतो, पासबुक खाचेत सरकवून ती एक ओळ छापून घेतो आणि मग रांगेला लागतो. आठ लाख खरे ठरतात ते या शंभरांच्या जोरावर.

पन्नाशी पार केलेल्या परदेशी माणसाला थायलंडमध्ये निवृत्त म्हणून राहायचं असेल, तर खात्यात आठ लाख बाट दाखवावे लागतात. आजच्या हिशेबानं वीस लाख रुपयांच्या वर. नाहीतर महिन्याला ६५ हजार बाटचं उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाला आठ लाख. मुदतवाढ मिळते ती एका वर्षाची, शुल्क १,९०० बाट. या वर्षात देशाबाहेर पाऊल टाकायचं तर आधी परत येण्याचा परवाना काढायचा, एका फेरीसाठी एक हजार आणि अनेक फेऱ्यांसाठी ३,८०० बाट. तो विसरला, भाचीच्या लग्नाला मँचेस्टरला जाऊन आला, की मुदतवाढ रद्द. पहिल्यापासून पाटी गिरवायची. शिवाय दर नव्वद दिवसांनी आपण कुठे राहतो ते कळवायचं. चुकलं तर २,००० बाट दंड. घरमालकानं चोवीस तासांत टीएम ३० नावाची वेगळी वर्दी द्यायची ती निराळीच.

नव्वद दिवसांच्या या हजेरीला आधार आहे १९७९ च्या इमिग्रेशन कायद्याचा.  आता त्याच कलमाखाली असा माणूस हजेरी लावतो, ज्याचं वीज बिल पंधरा वर्षं एकाच पत्त्यावर येतं आहे, ज्याची बायको थाई आहे आणि ज्याच्या नातवंडांना इंग्रजीपेक्षा थाईच बरी येते.

यावर ‘वर्षाकाठी दोन-चार फॉर्म’ म्हणणाऱ्यांनी एक साधी बेरीज करावी. वीस वर्षं राहिलेल्या माणसानं वीस मुदतवाढी घेतल्या आणि ऐंशीच्या आसपास हजेऱ्या लावल्या. या सगळ्यातून त्याच्या पदरात काय पडलं? एकविसावी मुदतवाढ मागण्याची मुभा. कायम वास्तव्याच्या परवान्याला एका देशाच्या नागरिकांसाठी वर्षाला शंभर जागा असतात आणि त्याची वाट मुख्यतः नोकरी-गुंतवणूक करणाऱ्यांसाठी आखलेली आहे. निवृत्ताला काम करण्याची बंदी. म्हणजे काम करायचं नाही आणि काम करत नाही म्हणून कायमचं राहायचंही नाही. त्याचं वय साठत जातं, पासपोर्टातले शिक्के साठत जातात, वास्तव्य मात्र कधीच साठत नाही. दर वर्षी तो नव्यानं आलेला असतो. तक्रार फॉर्मांच्या संख्येची नाही, या कोऱ्या पाटीची आहे, आणि टीकाकारांना ती अजून ऐकूच गेलेली नाही.

आता पैशाकडे वळू, कारण ‘पेन्शन पाउंडात’ या दोन शब्दांत लोकांना सगळं उत्तर मिळाल्यासारखं वाटतं.

किती पाउंडात? ब्रिटनचं पूर्ण नवं सरकारी पेन्शन २०२५-२६ मध्ये आठवड्याला २३०.२५ पाउंड होतं. महिन्याला हजार पाउंडांच्या आत. थायलंडच्या ६५ हजारांच्या रेघेपेक्षा ते बरंच खाली राहतं. आणि हे झालं आत्ता निवृत्त होणाऱ्याचं, तेही पूर्ण हप्ते भरलेल्याचं. थायलंडमध्ये राहणाऱ्या ब्रिटिश निवृत्ताचं पेन्शन गोठवलेलं असतं. जो २०१० साली निवृत्त होऊन तिथे गेला, त्याला त्या वर्षीच्या दरानं मूळ पेन्शन आठवड्याला ९७.६५ पाउंड मिळू लागलं, आणि आजही तेवढंच मिळतं. तो लीड्समध्ये राहिला असता तर तेच मूळ पेन्शन २०२५-२६ मध्ये १७६.४५ झालं असतं. हप्ते तेच, नोकरीची वर्षं तीच, फक्त टपालाचा पत्ता वेगळा.

हा न्याय तरी सगळ्या परदेशांना सारखा लावला असता! अमेरिकेत राहणाऱ्या ब्रिटिश पेन्शनराची वाढ चालू, शेजारच्या कॅनडातल्याची बंद. नायगाराच्या एका काठावरचा म्हातारा वाढीव पेन्शन घेतो आणि समोरच्या काठावरचा जुनंच. फिलिपाइन्समध्ये चालू, थायलंडमध्ये बंद. भारतातही बंद, ऑस्ट्रेलियातही बंद. असे साडेचार लाखांच्या आसपास लोक आहेत. त्यांच्यापैकी अ‍ॅनेट कार्सन या दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या बाई लंडनच्या न्यायालयांपासून थेट स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेल्या. २००० साली सुरू झालेलं त्यांचं मूळ पेन्शन आठवड्याला ६७.५० पाउंडांवर अडकलं होतं. मार्च २०१० मध्ये सतरा न्यायाधीशांपैकी अकरा जणांनी त्यांच्या विरोधात कौल दिला. सहा जण त्यांच्या बाजूचे होते. चोचल्यांची बाजू घ्यायला स्ट्रासबर्गचे सहा न्यायाधीश उभे राहिले म्हणायचे.

ब्रिटिश सरकारचं यावरचं ठरलेलं उत्तर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या उत्तराहून वेगळं नाही: परदेशी जाणं हा ज्याचा त्याचा निर्णय, आणि धोरण जुनंच आहे. चूक जुनी झाली की ती धोरण होते, हे मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

बरं, ज्याच्याकडे खरोखर ६५ हजारांचं उत्पन्न आहे त्याचं तरी सुरळीत चालतं का? त्याला दाखवावं लागतं की दर महिन्याला ही रक्कम परदेशातूनच आली. पुरावा पुन्हा पासबुकच. पैसे परदेशातून आले की नोंदीपुढे एक ठरावीक संकेताक्षर छापून येतं. पण आजकाल कमी शुल्कात पैसे पोचवणाऱ्या ऑनलाइन सेवा असतात आणि त्या कधी कधी थायलंडमधल्याच खात्यातून रक्कम पुढे सरकवतात. मग पासबुकात संकेताक्षर पडतं स्थानिक भरण्याचं. पैसे लंडनहून आले हे त्याला माहीत, बँकेला माहीत, खिडकीतल्या बाईंनाही दिसतंय. पण अक्षरं चुकीची पडली! मग पुन्हा बँकेत जा, पत्र मागा, मुख्य शाखेचा शिक्का आणा. पैसा असला की सगळी दारं उघडतात असं म्हणणाऱ्यांनी कधी दोन अक्षरांपायी घातलेले हेलपाटे मोजलेत?

आणि जे हेलपाटे घालत नाहीत ते एजंटाकडे जातात. आठ लाख नसले तरी चालतं. ते कागदोपत्री आणून ठेवणारे, काम झालं की काढून नेणारे, वर आपला मेहनताना घेणारे लोक आहेत हे परदेशी वस्तीत गुपित नाही. ज्या नियमानं लबाडाला पाच मिनिटं आणि सरळमार्गी माणसाला पाच खेटे पडतात, त्या नियमाच्या बाजूनं बोलायचं धाडस कुणाला होत असेल तर त्यानं आधी आपल्या तालुक्याच्या सेतू केंद्राबाहेर तासभर उभं राहून यावं.

‘नियम आधीच ठाऊक होते.’ हा तर सगळ्यात लोकप्रिय मुद्दा, आणि सगळ्यात पोकळ. कुठले नियम? जाताना होते ते, की पोचल्यावर बदलले ते?

२०१८ पर्यंत अनेक जण बँकेत रक्कम अडकवण्याऐवजी आपल्या वकिलातीचं उत्पन्नाचं पत्र दाखवत. थाई अधिकाऱ्यांनी वकिलातींना सांगितलं की हे उत्पन्न तुम्ही स्वतः पडताळून द्या. वकिलाती म्हणाल्या, ते आमचं काम नाही. ब्रिटिश, अमेरिकी आणि ऑस्ट्रेलियन वकिलातींनी त्या वर्षाच्या अखेरीस पत्रं देणं बंद केलं. दोन सरकारांनी एकमेकांकडे चेंडू टोलवला आणि मध्ये उभ्या म्हाताऱ्याला सांगितलं, आता बँकेत आठ लाख बाट ठेव, नाहीतर दर महिन्याला ६५ हजार परदेशातून आणून दाखव. मार्च २०१९ पासून त्यातही भर पडली. अर्जाआधी दोन महिने पूर्ण रक्कम, नंतर तीन महिने पूर्ण रक्कम, आणि उरलेलं वर्षभर चार लाखांच्या खाली उतरायचं नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर अखेरीस निवृत्तांच्या ओ-ए वर्गाच्या व्हिसाला आरोग्य विमा सक्तीचा झाला. सत्तरीच्या माणसाला, हृदयाचं ऑपरेशन झालेल्याला, पॉलिसी कोण देणार? विमा कंपनीला म्हातारा नको आणि विम्याशिवाय सरकारला नको. मग २०२४ आलं. तोवर आदल्या वर्षी कमावलेला पैसा पुढच्या वर्षी आणला तर थायलंडमध्ये त्यावर कर नसे. १ जानेवारी २०२४ पासून, वर्षात १८० दिवस राहणाऱ्यानं परदेशी उत्पन्न देशात आणलं की ते करपात्र, मग ते कोणत्याही वर्षी आणा. २०२४ च्या आधी कमावलेलं तेवढं सुटलं.

मलेशियानं तर याहून मोठी उडी घेतली. ‘माय सेकंड होम’ नावाच्या योजनेत २००२ पासून जगभरचे लोक घरं घेऊन राहिले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारनं मासिक उत्पन्नाची अट १० हजार रिंगिटवरून थेट ४० हजारांवर नेली आणि दहा लाख रिंगिटची मुदत ठेव मागितली. आधीपासून राहणाऱ्यांनाही ती लागू होणार म्हणताच ओरड झाली, जोहोरच्या सुलतानांनीही नापसंती दाखवली, आणि मग जुन्यांना बऱ्याच अटींतून वगळलं गेलं. वगळलं हे खरं. पण मधल्या आठवड्यांत क्वालालंपूरमधल्या निवृत्तांनी घर विकायचं की मूत्रपिंड, असा हिशेब मांडला असेल तर त्यांना कुणी हसू नये.

नियमांच्या स्पष्टपणाविषयी एक अमेरिकी नमुनाही पाहण्यासारखा आहे. अमेरिका आपल्या नागरिकावर तो जगात कुठेही राहो, कर लावते. परदेशातल्या त्याच्या सगळ्या खात्यांत मिळून दहा हजार डॉलरांहून जास्त असले की दर वर्षी वेगळी माहिती भरायची. २०१० च्या ‘फाट्का’ कायद्यानंतर परदेशी बँकांनाही आपल्या अमेरिकी ग्राहकांची माहिती देणं भाग झालं, नाहीतर अमेरिकेतून येणाऱ्या पैशातून ३० टक्के कापले जाण्याची टांगती तलवार. कित्येक बँकांनी सोपा मार्ग धरला. अमेरिकी गिऱ्हाइकच नको. रुमानियाला परतलेल्या अलेक्झांड्रू बिटनर यांनी पाच वर्षं ही माहिती भरली नाही. हेतुपुरस्सर नव्हे. दंड एका अर्जाला की प्रत्येक खात्याला? सरकारनं खाती मोजली, २७२ भरली, आणि २७ लाख २० हजार डॉलर मागितले. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की दंड अर्जाला, म्हणजे ५० हजार डॉलर. बिटनर काही गरीब पेन्शनर नव्हते, व्यवसायात मुरलेले गृहस्थ होते. पण ज्या नियमाचा अर्थ लावताना अमेरिकेचे नऊ न्यायमूर्ती पाच आणि चार असे फुटतात, तो नियम फुकेतच्या निवृत्त प्लंबरला ‘आधीच ठाऊक’ असायला हवा होता!

मोबाइलचा मुद्दा थोडक्यात उरकू, कारण तो थोडक्यातच संपतो. नव्वद दिवसांची वर्दी ऑनलाइन देता येते हे खरं. पण नवा पासपोर्ट आला की पहिली वर्दी स्वतः जाऊन. जुन्या पासपोर्टातले शिक्के नव्यात चढवायलाही स्वतः. बँकेत नवा पासपोर्ट नंबर नोंदवायला स्वतः, त्याशिवाय अ‍ॅपवर मोठे व्यवहार अडतात, कारण ५० हजार बाटच्या वरचा व्यवहार २०२३ पासून चेहरा स्कॅन केल्याशिवाय होत नाही. मायदेशातल्या बँकेचा ओटीपी मायदेशातल्या नंबरवर जातो. ते सिम कार्ड वापराविना बंद पडलं की त्या बँकेत फोन करायचा, आणि फोनवरचा तरुण विनम्रपणे विचारतो, ‘तुमच्या नोंदणीकृत नंबरवर एक कोड पाठवू का?’ परदेशी पत्ता कळवावा तर खातंच बंद व्हायची भीती. २०२० साली ब्रेक्झिटच्या तोंडावर अनेक ब्रिटिश बँकांनी युरोपात राहणाऱ्या आपल्याच नागरिकांना खातं बंद होत असल्याची पत्रं धाडली होती. ज्या खात्यात पेन्शन जमा होतं, तेच खातं.

इथे कुणी तरी थाई सरकारच्या वतीनं उभं राहतं. सार्वभौम देश आहे, आपल्या भूमीवर कोण कुठे राहतो हे त्याला कळायला नको? सुरक्षेचा प्रश्न आहे. असेल. मग याच सरकारनं सप्टेंबर २०२२ पासून श्रीमंत निवृत्तांसाठी दहा वर्षांचा वेगळा व्हिसा का काढला? वर्षाला ८० हजार डॉलरांचं उत्पन्न असलं, किंवा त्याहून कमी पण जोडीला भरपूर गुंतवणूक असली, की नव्वद दिवसांची हजेरी माफ. वर्षातून एकदा कळवलं की पुरे. म्हणजे ८० हजार डॉलरवाल्याचा पत्ता वर्षभर विश्वासार्ह असतो आणि ३० हजारवाल्याचा नव्वद दिवसांत नासतो? चोर-दरोडेखोर, पैसे धुणारे, मायदेशातून पळालेले यांच्याकडे पैसा कमी असतो असा कुणाचा अनुभव आहे? सुरक्षेला पगारपत्रक लागत नाही. लागतं ते दरपत्रकाला.

आणि आता तो शेवटचा टोमणा: गोऱ्यांचं आम्हाला काय? पासपोर्टांची उतरंड अन्यायाची आहे, भारतीय पासपोर्टवाल्याला जास्त सोसावं लागतं. कबूल. पण आपल्याला रांगेत जास्त वेळ उभं केलं म्हणून पुढच्या म्हाताऱ्याचे पाय दुखायचे थांबतात, हे कुठलं गणित?

शिवाय हे ‘त्यांचं’ राहिलेलं कुठे आहे? मुलाकडे न्यू जर्सीत ग्रीन कार्डावर गेलेल्या ठाण्याच्या आई-वडिलांना विचारा. वर्षाहून जास्त काळ भारतात राहायचं तर आधी अमेरिकेत री-एन्ट्री परमिटचा अर्ज. थायलंडची तीच तऱ्हा. भारतातलं बचत खातं आता निवासी राहिलं नाही म्हणून एनआरओत बदलायचं, आणि ठेवीच्या व्याजातून ३० टक्के टीडीएस आधीच कापून घ्यायचा. परतावा मागा, येईल तेव्हा येईल. केवायसीसाठी शाखेत या. कुठून, एडिसनहून? ओटीपी भारतातल्या नंबरवर, आणि तो फोन ठाण्याच्या बंद फ्लॅटमध्ये कपाटात. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ आलं, पण म्हातारी बोटं घासून गुळगुळीत झालेली. मशीन म्हणायचं, हा अंगठा या माणसाचा नाही. २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली तेव्हा कुठे थोडा श्वास घेता आला. ब्रिटनचा पेन्शन विभागही परदेशातल्या आपल्या निवृत्तांना असाच फॉर्म धाडतो. साक्षीदाराच्या सहीनिशी सोळा आठवड्यांत परत आला नाही, की पैसे थांबले. थाई टपालानं ते पाकीट कुठल्या सोईत, म्हणजे कुठल्या गल्लीत, टाकलं त्यावर माणूस जिवंत की मेलेला हे ठरतं.

हे वाचून एखादा ठाणेकर म्हणेल, आमचं खरंच दुखणं आहे हो, त्यांचं वेगळं. वेगळं ते काय? आपल्याकडेही काय चाललंय ते गोव्यात जाऊन पाहावं. भारतात निवृत्तांसाठी व्हिसाच नाही. हरमल-अश्वेच्या वाड्यांवर पंचवीस-पंचवीस हिवाळे काढलेले युरोपियन पर्यटक म्हणूनच येतात आणि पर्यटक म्हणूनच जातात. घरमालकानं चोवीस तासांत पाहुण्याचा फॉर्म भरायचा. थायलंडच्या टीएम ३० चा सख्खा भाऊ. तिथल्या पोर्तुगीज घराच्या ओसरीवर बसलेल्या म्हातारीला गावची कुत्री ओळखतात. सरकार तिला दर मोसमात नव्यानं भेटतं.

राहिला तो ‘घरी परत जा’चा हुकूम. तो सोडणाऱ्यांना वाटतं, घर म्हणजे कुलूप लावून ठेवलेली खोली, जाऊन उघडायची. पंधरा वर्षांनी मँचेस्टरला परतलेल्या ब्रिटिश नागरिकाला उत्पन्नावर आधारलेली सरकारी मदत हवी असेल, तर आधी सिद्ध करावं लागतं की तो खरोखर ब्रिटनचा रहिवासी आहे आणि राहायलाच आलाय. जिथे जन्मला, जिथे चाळीस वर्षं हप्ते भरले, तिथे! आणि त्याची थाई बायको? तिला सोबत न्यायचं तर ब्रिटनच्या नियमानं वर्षाला उत्पन्नाची किमान रेघ लागते. एप्रिल २०२४ पासून ती १८,६०० पाउंडांवरून २९ हजारांवर गेली. पूर्ण सरकारी पेन्शन २०२५-२६ मध्ये वर्षाला १२ हजार पाउंडही भरत नव्हतं. खासगी पेन्शन नाही, मोठी शिल्लक नाही, तर बायकोला मागे ठेवून जा. बायकोला घेऊन राहायचं तर पेन्शन गोठलेलं, आणि वाढीव पेन्शनकडे जायचं तर बायको विमानतळाच्या काचेपलीकडे. हुकूम सोडणाऱ्यांनी यातलं काय निवडलं असतं तेही सांगून टाकावं.

हा माणूस एक दिवस थायलंडमध्येच वारतो. मग बँक खातं गोठवते. ज्या आठ लाखांना त्याला वर्षानुवर्षं मोकळेपणानं हात लावता आला नाही, ते मिळवायला त्याच्या बायकोला कोर्टात जाऊन इस्टेटीचा व्यवस्थापक नेमून घ्यावा लागतो. दवाखान्याचं बिल त्याआधीच भरायचं असतं. परवान्यासाठी ठेवलेली रक्कम आजारपणाला नाही, अंत्यविधीलाही नाही. ती होती कशासाठी? पासबुकात दिसण्यासाठी.

म्हणून ही तक्रार मऊ करून सांगण्यात अर्थ नाही. दहा वर्षं कायद्यानं राहिलेल्या, कर भरणाऱ्या, गुन्हा न केलेल्या माणसाला पुन्हा अर्ज न मागता राहू द्या. ज्या देशानं पेन्शनचे हप्ते घेतले त्यानं पत्ता न बघता त्यावरची वाढ द्यावी. आणि ८० हजार डॉलरवाल्याची वर्षातून एकदाची हजेरी ज्या सरकारला पुरते, त्याला वीस वर्षं एकाच घरात राहणाऱ्याची का पुरत नाही, याचं कारण त्यानं चेंग वत्तनाच्या खिडकीवर लिहून लावावं. इंग्रजीत नसलं तरी चालेल. थाईतच लावा, बायको वाचून दाखवील.